भागिरथेचा खिळा

उकंडराव भगतानं तीस वर्षांत पळसोडीच्या शिवेवरच्या हिवराच्या झाडाला सदतीस खिळे मारले, आणि येशूच्या नावाला लागल्यावर त्यातले छत्तीस उपटून काढले. उरलेल्या एका खिळ्याची ही गोष्ट. तो का ठेवला हे उकंडरावाला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर तो ते कोणाला सांगत नव्हता.

खिळा मारणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. ज्याला भूत लागलं त्याला हिवराखाली बसवायचं, त्याच्या टाळूवरचे सात केस उपटायचे, ते चार बोटं लांबीच्या खिळ्याला गुंडाळायचे आणि मंत्र म्हणत खिळा झाडात ठोकायचा. भूत झाडात, माणूस मोकळा. कोणाचा ताप उतरेना, कोणाची म्हैस दूध देईना, कोणाची सून माहेराहून परत येईना, पळसोडीचे लोक उठायचे आणि उकंडरावाला बोलवायचे. आता उकंडराव काही लबाड नव्हता. लबाड असता तर निदान सुखी झाला असता. त्या विद्येवर साऱ्या गावाचा मिळून जेवढा विश्वास होता, त्याहून जास्त त्याचा एकट्याचा होता.

गुरूनं विद्या देताना त्याला अट घातली होती, की बांधलेलं भूत पोसावं लागतं. दर अवसेला झाडाखाली लिंबू, अंडं आणि मोहाच्या दारूची धार. एक अवस चुकली की सगळी भुतं मिळून भगताच्या घरात शिरणार. त्यामुळे उकंडराव तीस वर्षं कुठं मुक्कामाला गेला नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेला नाही. त्याची बायको प्रयागबाई वाशीमला दवाखान्यात गेली, त्या दिवशी नेमकी अवस होती. ती तिथं जीव सोडत होती आणि हा इथं लिंबू कापत बसला होता. रात्री पत्रा वाजला तरी तो उठून बसे. सदतीस कैद्यांचा जेलर, पण कैद्यांपेक्षा त्याचीच कैद कडक होती.

दुष्काळाची दोन वर्षं सरल्यावर जानराव पाटलाच्या विहिरीवरचं ऑईल इंजिन बिघडलं, आणि ते दुरुस्त करायला मालेगावकडून प्रेमसिंग मिस्त्री आला. माणूस तांड्यावरचा, पण ख्रिस्ती झालेला. सायकलच्या कॅरिअरला पान्ह्यांची पेटी, आणि पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल. चौथ्या दिवशी सकाळी तो इंजिनाकडे निघाला तर वाटेत एक म्हातारा हातातलं लिंबू सांभाळत रांगत चाललेला. उकंडरावाच्या अंगात ताप फणफणला होता, पण अवस होती.

"कुठी चालले बाबा, असे रांगत?" प्रेमसिंगनं विचारलं.

"भुतायले जेवू घालाले."

प्रेमसिंग हसला नाही. "अन् तुमाले कोन जेवू घालते?"

उकंडराव लिंबू सावरत पुढं रांगू लागला. प्रेमसिंगनं त्याला सरळ पाठुंगळी मारलं आणि घरी आणून टाकलं. सून भागिरथा हिला कण्या शिजवायला सांगितलं, आणि अवसेची सगळी हकीकत तिच्याकडून ऐकली. म्हाताऱ्याच्या कपाळावर काळा तेलकट हात ठेवून तो म्हणाला, "प्रभू येशू, हा मानूस तीस वर्सं झोपला नाही. याले झोपू दे." एवढीच प्रार्थना. उकंडराव झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. अवस होऊन गेली होती. घरात कोणी शिरलं नव्हतं, एक मांजर सोडून.

तिथून पुढं प्रेमसिंग दर आठवड्याला यायला लागला. इंजिन केव्हाच धडधडत होतं, तरी यायचा. ओट्यावर बसून शास्त्र वाचायचा, एखादं भजन म्हणायचा. उकंडराव ऐकायचा, आणि चुलीपुढं बसलेली भागिरथा त्याच्यापेक्षा जास्त ऐकायची. एक दिवस पदर पुढं ओढून तिनंच विचारलं, "दादा, तुमचा देव खिळा काढते का?"

"त्याच्या सोताच्या हातापायात खिळे ठोकले होते, बाई," प्रेमसिंग म्हणाला. "त्याले खिळ्याचं दुखनं मालूम हाये."

मार्गशीर्षात नाल्याच्या डोहात तिघांचा बाप्तिस्मा झाला. उकंडराव, त्याचा मुलगा रामकिसन आणि भागिरथा. डोह गावच्या अंगाला होता, हे लक्षात ठेवा. पुढल्याच रविवारी उकंडराव प्रेमसिंगची पक्कड घेऊन हिवराखाली उभा राहिला आणि एकेकाचं नाव घेऊन खिळे काढू लागला. सारं गाव जमलं. जानराव काठी घेऊन आला, म्हणाला, "माह्या खिळ्याले हात लावशीन तं हात तोडीन." उकंडरावानं त्याच्या डोळ्यांदेखत त्याचाच खिळा आधी काढला. वीज पडली नाही, कोणी घुमलं नाही. आठ दिवसांनी जानरावाची म्हैस मेली तेव्हा थोडी कुजबुज झाली. पण ती म्हैस इंग्रज असतानाची होती, आणि ती अजून जिवंत आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. लोक उकंडरावाला मानू लागले. उकंडरावही स्वतःला थोडं मानू लागला, हे कबूल करायला हवं.

"सारे काढले?" प्रेमसिंगनं विचारलं.

"सारे," उकंडराव म्हणाला.

सदतिसावा झाडाच्या मागल्या अंगाला होता, वारुळाच्या आडोशाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तो भागिरथेचा होता.

अकरा वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. त्यानंतर भरदुपारी ती विहिरीवर उभी राहून ओरडायची, दातखीळ बसायची. उकंडरावानं तिला हिवराखाली बसवून पाहिलं आणि सांगितलं, की हिच्या माहेरच्या, रिठदच्या वाटेवर मेलेल्या एका बाईचं भूत हिच्यासोबत आलं आहे. बांधतो, पण हिनं रिठदच्या वाटेवरचा नाला कधी ओलांडायचा नाही. ओलांडला तर ती बाई सुटेल आणि पुढलं मूलही घेईल. खिळा मारला. वर्षानं विमल झाली आणि जगली. आता खिळा खरा ठरला की नाही? उकंडरावानं नात हातात घेतली. सुनेला नाल्याच्या अलीकडे ठेवून आपण हे लेकरू मिळवलं, असं त्याच्या मनात पक्कं बसलं.

रिठद तीन कोसांवर. भागिरथा अकरा वर्षांत गेली नाही; बाप्तिस्म्याच्या डोहातही ती अलीकडून उतरून अलीकडेच वर आली होती. बाप वारला तेव्हा ती नाल्याच्या काठावर उभी राहून रडली. तिची आई लिलाबाई वर्षातून एकदा येई, जाताना नाला ओलांडून मागं वळून उकंडरावाच्या नावानं बोटं मोडी आणि चालू लागे.

आणि म्हणून पक्कड हातात असूनही उकंडराव वारुळाकडे वळला नाही. प्रभूवर त्याचा भरवसा होता. जानरावाच्या, गावातल्या कोणाच्याही जिवाबद्दल होता. पण नातीच्या जिवाची पाळी आली तेव्हा भरवशाचा हात आखडला. ठेवू एक, कोणाचं काय जातं? मग एक ठेवला म्हणजे त्याला पोसणंही आलं. दर अवसेला पहाटे ख्रिस्ती उकंडराव बंडीच्या खिशात दोन लिंबं घालून, इकडं तिकडं पाहत हिवराकडे जायचा. अंडं आणि दारू लपवता येत नव्हती, म्हणून नुसती लिंबं; एक सकाळी कापायचं, एक संध्याकाळी. रविवारी डोळे मिटून प्रार्थना करायचा. देवालाही फसवत होता आणि भुतालाही, आणि दोघांनाही कळत असेल या भीतीनं पुन्हा झोप उडाली होती.

गर्दीत आपलं नाव ऐकू आलं नसलं, तरी सासऱ्यानं 'सारे' म्हटल्यावर भागिरथेला वाटत होतं, आपला खिळा निघाला. ती माहेरी जायचं म्हणाली की उकंडराव म्हणायचा, तूर निघू दे. तूर निघाली, मग म्हणाला, गहू होऊ दे. मग वाटेवर कुत्री पिसाळलीत. मग रामकिसनला सवड नाही. तीन महिने असे गेले.

माघातल्या अवसेला सकाळी रिठदची रंगूबाई बांगड्या विकायला आली. टोपली ओट्यावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "भागिरथे, तुही माय काई आता दोन दिस काढत नाई. पानीबी गिळत नाई. नुसती दाराकडे पाहून राह्यली."

भागिरथेनं भाकरीचं पीठ लागलेले हात धुतले, लुगडं फडक्यात बांधलं, विमलची वेणी घातली. ओट्यावर उकंडराव दोर वळत होता. त्याच्यासमोर येऊन ती म्हणाली, "मामाजी, मी रिठदले जाऊन राह्यली. विमलबी येते संगं. तिच्या आजीनं तिले आपल्या घरी कवाच पाह्यलं नाई."

"आज नोको," उकंडराव घाईनं म्हणाला. "आज अवस हाये."

"अवस?" भागिरथा त्याच्याकडे पाहतच राहिली. "आपल्याले अवस कायची, मामाजी? आपून तं डोहातून निंगालो ना?"

उकंडरावाच्या हातातल्या दोराचा पीळ सुटला. पिसाळलेली कुत्री जिभेवर आली होती, पण बाहेर पडेनात. समोर विमल नव्या वेणीची रिबीन चाचपत उभी होती.

"काढला म्हनलो ते खोटं होतं," तो म्हणाला. "तुहा खिळा झाडातच हाये."

रामकिसन बैल घेऊन आला होता, तो दारातच थांबला. भागिरथेनं गाठोडं खाली ठेवलं. सासऱ्यापुढं ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आज पदर मागं गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माहा बाप मेला तवा मी काठावर उभी राहून रडली. पल्याडच्या वावरातल्या बायायनं आयकलं, पन माह्या बापानं नाई आयकलं. तुमी बांधलं तवा तुमाले ठाऊक नोतं, म्हनून म्या माफ केलं. प्रेमसिंगदादासमोर केलं. पन हे तीन महिने? हे तं तुमाले ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं."

"मंग काहून?"

"हिच्यासाठी." उकंडरावानं विमलकडे हात केला, आणि त्याला रडू फुटलं. "प्रभू दिसत नाई गं बाई. ही दिसते."

भागिरथेनं विमलला जवळ ओढलं. मग म्हणाली, "चला. मले दाखवा."

चौघंही हिवराकडे गेले. उकंडरावानं प्रेमसिंगनं ठेवायला दिलेली पक्कड घेतली, रामकिसननं कुऱ्हाड. झाडामागं वारुळाशी पहाटेचं लिंबू पडलं होतं, कापलेलं, अजून ओलं. भागिरथेनं ते पाहिलं आणि उकंडरावाकडे पाहिलं नाही. खिळा लपवल्याची जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्याला त्या लिंबाची वाटली.

गुडघ्यावर बसून त्यानं साल चाचपली. खिळा सापडेना. अकरा वर्षांत हिवरानं तो गिळला होता. डोकंसुद्धा दिसत नव्हतं. काळी खळी तेवढी होती आणि भोवती लाकडाची गाठ. पक्कड कशाला लावणार? त्यानं कुऱ्हाड घेतली आणि गाठीवर घाव घातले. हिवराचं लाकूड चिवट. चार ढलप्या उडाल्या. पुन्हा घातले. तळहात फुटले, दम लागला, तरी तो थांबेना. छत्तीस काढले होते त्यानं, गावासमोर काढले होते. हाच नेमका येत नव्हता, आणि आता त्याला तो काढायचाच होता.

"बावाजी, सरका," रामकिसन म्हणाला. "झाडच पाडतो."

"दोन दिस लागतीन," उकंडराव म्हणाला.

"लागू दे."

"माह्या मायपाशी दोन दिस नाई," भागिरथा म्हणाली. तिनं पुढं होऊन सासऱ्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि बुंध्याला टेकवून ठेवली. "राहू द्या, मामाजी. ज्यानं सोताच्या हातापायात खिळे सोसले, त्याले माह्या एका खिळ्याचं भेव वाटंन का? छत्तीस तुमी काढले. हा त्याच्यासाठी राहू द्या. मी अशीच जातो."

"खिळा ठेवून?" रामकिसनचा आवाज चिरकला.

"खिळा ठेवून."

नाला हिवरापासून पन्नास पावलांवर. माघात पाणी घोट्याएवढं, तळचे गोटे दिसत होते. भागिरथा विमलचा हात धरून तरातरा काठापर्यंत गेली आणि थांबली. उकंडराव मागून आला. तिचा पाय उचलत नव्हता. तोंडानं काही म्हटलं तरी पायांना अकरा वर्षांची सवय होती. तिचे ओठ हलत होते, ती प्रार्थना करत होती, आणि पाय वाळूत तसेच होते.

उकंडरावाला एवढंच म्हणायचं होतं, की चल परत. ते शब्द त्याच्या तोंडात तयार होते. विमलही वाचली असती आणि त्याचीही सुटका झाली असती. पण त्यानं त्या पायांकडे पाहिलं. भुतं त्यानं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बांधलेलं माणूस मात्र आज त्याला दिसलं, आणि बांधणारा कोण तेही दिसलं. त्याला स्वतःची चीड आली. आजवर देवाला त्यानं सगळं दिलं होतं, एक विमल सोडून, आणि तिलाच तर तो मुठीत आवळून बसला होता.

तो तिथंच वाळूत गुडघ्यांवर बसला.

"प्रभू," तो मोठ्यानं म्हणाला, "मले काईबी येत नाई. मंतर येत नाई अन् खिळाबी काढता येत नाई. ही भागिरथा तुही. ही विमल तुही. माही नाई. म्या सोडली. तुले जे करायचं ते कर." मग त्यानं वाकून सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. "या पायायले म्या बांधलं, बाई. मले माफ कर."

सासऱ्यानं सुनेच्या पायावर डोकं ठेवायचं, हे पळसोडीत कोणी पाहिलं नव्हतं. रामकिसननं तोंड फिरवलं. भागिरथा ढसढसा रडली. तिनं त्याला खांद्याला धरून उठवलं, पदर डोक्यावर घेतला, विमलचा हात घट्ट धरला आणि पाण्यात पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मध्ये कुठं थांबली नाही. विमलनं मुद्दाम पाय आपटून पाणी उडवलं आणि पलीकडच्या काठावर चढून ओरडली, "आबाजी, या ना!"

उकंडराव नातीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. काही होत होतं का? तिला शिंक आली तेव्हा तो एकदम पाण्यापर्यंत धावला. भीती काही गेली नव्हती. पण ती जायची वाट पाहत बसलो तर हिवरापाशीच मरू, हे त्याला कळलं होतं. तो भीतीसकट पाण्यात उतरला आणि त्यांच्या मागं चालू लागला. रामकिसन तेवढा बैलांसाठी घरी परतला.

तीन कोस वाटेनं विमल एकटीच बोलत होती. रिठदला पोचले तेव्हा दिवस कलला होता. लिलाबाई बाजेवर होती, तोंड दाराकडे. लेकीला दारात पाहून तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. भागिरथा जाऊन तिच्या छातीवर पडली. बराच वेळ रडण्याशिवाय घरात दुसरं काही झालं नाही.

मग लिलाबाईनं कोरड्या आवाजात विचारलं, "खिळा निंगाला?"

"नाई, माय," भागिरथा म्हणाली. "खिळा झाडातच हाये. मी सुटली."

म्हातारीनं विमलच्या गालावरून हात फिरवला. मग तिची नजर उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या उकंडरावावर गेली. अकरा वर्षं जिनं त्याच्या नावानं बोटं मोडली, तिच्यापुढं तो फुटके हात घेऊन उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

"अन् हा?" लिलाबाईनं विचारलं. "हा सुटला का?"

भागिरथा वळली. उकंडरावानं बंडीच्या खिशात हात घातला. संध्याकाळसाठी राखलेलं दुसरं लिंबू तिथंच होतं. सूर्य बुडायला आला होता. दर अवसेला या वेळी तो हिवराखाली असायचा. त्यानं लिंबू बाहेर काढून हातावर धरलं, आणि उंबरा ओलांडून आत आला.

"घरात साखर हाये का?" त्यानं विचारलं. "पान्यात पिळून देऊ. घोटभर तरी जाईन."

भागिरथेनं साखर शोधली. उकंडरावानं विळीवर लिंबू कापलं, तांब्यातल्या पाण्यात पिळलं आणि चमच्यानं ढवळलं. मग बाजेशी उकिडवा बसून त्यानं स्वतःच्या हातानं लिलाबाईच्या ओठांना चमचा लावला. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिनं तो घोट गिळला.